एडिशन म्हणजे आवृत्ती काय? : ग्रंथवाचक इंग्रजी शब्दांचे अर्थ आणि मराठी साहित्यसंशोधन

पदव्युत्तर वर्गाला संशोधनपद्धती शिकविताना संदर्भनोंदी कशा कराव्यात हा भाग आपण साधारणतः एका तासिकेत संपवितो. लेखकाचे नाव, ग्रंथाचे नाव, प्रकाशक, स्थळ, वर्ष, आवृत्ती, पृष्ठ असा क्रम फळ्यावर लिहून दिला की विद्यार्थी तो उतरवून घेतात आणि आपण पुढच्या घटकाकडे वळतो. या क्रमातील 'आवृत्ती' या साध्या दिसणाऱ्या शब्दाने मला एकदा चांगलेच अडचणीत आणले होते.

पीएच.डी.च्या प्रबंधातील एका प्रकरणात मी एका कादंबरीची पहिली आणि तिसरी आवृत्ती शेजारी ठेवून त्यांतील फरक टिपले होते. शब्दांची रूपे बदललेली होती, अनुस्वार गेले होते, काही ठिकाणी बोलीतील उच्चार प्रमाण झाले होते, एका संवादातील वाक्य गळाले होते. त्यावरून लेखकाची भाषादृष्टी उत्तरायुष्यात कशी पालटत गेली, याविषयी सुमारे वीस पृष्ठांचा सिद्धान्त मी मांडला. मौखिक परीक्षेच्या वेळी परीक्षकांनी दोनच प्रश्न विचारले. "ही तिसरी आवृत्ती आहे, की तिसऱ्यांदा छापलेले पुस्तक आहे? आणि ते छापले गेले तेव्हा लेखक हयात होते काय?" लेखक हयात नव्हते. वाक्य गळाले होते ते छापखान्यात, आणि अनुस्वार गेले होते ते शुद्धलेखनाच्या नव्या नियमांमुळे. ते प्रकरण मला पुन्हा लिहावे लागले. त्या वीस पृष्ठांमागे अज्ञान जसे माझे होते, तसाच एका पारिभाषिक शब्दाचा संदिग्धपणाही होता, असे आज वाटते.

ग्रंथव्यवहाराची आपली आजची परिभाषा मुद्रणाबरोबर, म्हणजे मुख्यतः इंग्रजीच्या सहवासात घडली. एडिशन, इम्प्रेशन, इश्यू, व्हॉल्यूम, कॉपी, टेक्स्ट, प्रीफेस, फोअरवर्ड अशा शब्दांसमोर आपण आपल्या जुन्या साठ्यातून एकेक शब्द उभा केला. असे शब्द समोरासमोर उभे राहिले तरी त्यांच्या अर्थांच्या सीमा जुळतातच असे नाही. त्या कोठे जुळत नाहीत आणि त्यामुळे संशोधनात काय घडते, एवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

ग्रंथवाचक शब्द बहुधा लेखनसाहित्यातून जन्मतात. 'व्हॉल्यूम' हा लॅटिन 'व्होल्यूमेन'पासून आला, आणि त्याचा अर्थ गुंडाळी. 'कोडेक्स' म्हणजे मुळात झाडाचे खोड, लाकडी फळी. 'लायब्ररी'तील 'लिबर' हा शब्द झाडाच्या अंतर्सालीचाही वाचक आहे. 'बुक' आणि 'बीच' वृक्ष यांचा संबंध परंपरेने सांगितला जातो, मात्र त्याविषयी मतभेद आहेत. आपल्याकडील 'पत्र' आणि 'पान' उघडच वृक्षाचे. 'कांड', 'पर्व', 'स्कंध', 'वल्ली' हीदेखील वनस्पतीचीच अंगे. 'ग्रंथ' हा गाठीशी आणि गुंफण्याशी संबंधित, तर 'पुस्तक' हा शब्द अनेक अभ्यासकांच्या मते इराणी भाषांतील कातडे या अर्थाच्या शब्दाशी जोडलेला आहे. हा व्युत्पत्तिविचार मनोरंजक असला तरी त्यात फार गुंतण्याचे कारण नाही. त्यातून एकच गोष्ट ध्यानात घ्यावयाची : ग्रंथाचे भौतिक रूप बदलते, शब्द मात्र तोच राहतो आणि नव्या रूपाला चिकटतो. गुंडाळी गेली, 'व्हॉल्यूम' राहिला.

'व्हॉल्यूम'ला आपण 'खंड' म्हणतो. खंड म्हणजे तुकडा. इंग्रजी शब्दात एका बांधणीत जे सामावते त्याचा निर्देश आहे. मराठी शब्दात अखंड वस्तूच्या विभागणीचा. म्हणून एका बांधणीतील स्वतंत्र, संपूर्ण पुस्तकालाही इंग्रजीत व्हॉल्यूम म्हणता येते, पण 'खंड' म्हटले की उरलेले खंड कोठे आहेत, असा प्रश्न पडतो. 'भाग' हा शब्द तर पार्ट आणि व्हॉल्यूम या दोहोंसाठी आलटून-पालटून वापरला जातो. इंदुप्रकाश छापखान्याने काढलेल्या तुकारामबोवांच्या अभंगांच्या गाथेचा पहिला भाग १८६९ मध्ये आणि दुसरा १८७३ मध्ये निघाला. एका संपादनाचे ते दोन व्हॉल्यूम आहेत. तरीही १८७३ हे साल पाहून ती 'दुसरी आवृत्ती' समजणाऱ्या नोंदी माझ्या पाहण्यात आलेल्या आहेत.

'पेज' आणि 'पृष्ठ' यांत थोडी गंमत आहे. संस्कृतात पृष्ठ म्हणजे पाठ, मागची बाजू. पोथीत क्रमांक असतो तो पानाला, त्याच्या प्रत्येक बाजूला नव्हे, आणि तो बहुधा पाठच्या बाजूच्या समासात लिहिलेला असतो. पोथीचे बारावे पान म्हणजे इंग्रजीतील बारावे लीफ किंवा फोलिओ. त्याच्या दोन बाजूंना तिकडे रेक्टो व व्हर्सो म्हणतात. मुद्रित पुस्तकात मात्र दोन्ही बाजूंना स्वतंत्र क्रमांक आले, आणि आपण 'पान' व 'पृष्ठ' हे शब्द समानार्थी करून टाकले. हस्तलिखितावर काम करणारा विद्यार्थी जेव्हा 'पृ. १२' अशी नोंद करतो तेव्हा ती बारावी बाजू की बाराव्या पानाची एखादी बाजू, हे दुसऱ्याला कळावयास मार्ग राहत नाही. 'पत्र १२ अ' आणि 'पत्र १२ ब' ही पद्धत जुन्या संशोधकांनी घालून दिली आहे. ती पाळली की प्रश्न सुटतो. असाच घोटाळा 'ग्रंथसंख्या' या शब्दाचा. संस्कृत पोथ्यांच्या शेवटी येणारी ग्रंथसंख्या म्हणजे बत्तीस अक्षरांच्या एककाने केलेले लेखनाचे मोजमाप. ग्रंथालयाच्या वार्षिक अहवालातील ग्रंथसंख्येशी त्याचा काही संबंध नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. 'एडिशन' या शब्दाच्या मुळाशी 'एदेरे' हे लॅटिन क्रियापद आहे. त्याचा अर्थ बाहेर देणे, प्रसृत करणे. 'आवृत्ती'चा मूळ अर्थ पुन्हा वळून येणे, पुनरुक्ती. आपण अथर्वशीर्षाची आवर्तने म्हणतो, त्यातही हाच धातू आहे. एका शब्दाची दृष्टी ग्रंथ जगापुढे ठेवण्याच्या कृतीवर आहे, तर दुसऱ्याची ती कृती पुन्हा घडण्यावर. काटेकोरपणे पाहिले तर 'पहिली आवृत्ती' ही संज्ञाच चमत्कारिक ठरते, कारण जे प्रथमच येत आहे त्याची आवृत्ती कशी होईल? रूढीपुढे व्युत्पत्तीचे काही चालत नाही हे खरेच. तथापि 'पुन्हा' हा अर्थ या शब्दात इतका बळकट आहे, की जे जे पुन्हा छापले गेले ते ते आवृत्ती, अशी आपली सहज समजूत होऊन बसली.

इंग्रजी ग्रंथवर्णनशास्त्राने या ठिकाणी भेद केले. फ्रेडसन बॉवर्स यांच्या १९४९ मधील 'प्रिन्सिपल्स ऑफ बिब्लिऑग्राफिकल डिस्क्रिप्शन' या ग्रंथाने ते स्थिर केले. खिळ्यांच्या मूलतः एकाच जुळणीवरून, केव्हाही, कितीही वेळा छापलेल्या सर्व प्रती मिळून एक एडिशन होते. त्या जुळणीवरून एका वेळी छापलेल्या प्रती म्हणजे एक इम्प्रेशन. त्याच प्रतींना नवे शीर्षकपृष्ठ वगैरे जोडून त्या जाणीवपूर्वक वेगळ्या म्हणून विक्रीस काढल्या तर तो इश्यू. छपाई चालू असताना दुरुस्त्या झाल्यामुळे काही पानांत भेद पडले तर त्या भिन्न स्थिती, म्हणजे स्टेट. ही सगळी व्यवस्था छापखान्यात काय घडले यावर उभी आहे, मजकुरात लेखकाने काय बदलले यावर नाही. आपले लक्ष बहुधा दुसऱ्या गोष्टीकडे असते, आणि घोटाळा तेथेच सुरू होतो.

परंतु इंग्रजी परिभाषा निर्दोष आहे असे मात्र कोणी समजू नये. तिकडेही एडिशनचा आणखी एक अर्थ आहे : संपादकाने पाठ ठरवून सिद्ध केलेला ग्रंथ. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ही या अर्थाने एडिशन आहे. खिळ्यांच्या जुळणीशी या अर्थाचा संबंध नाही. इंग्रजी व्यापारी प्रकाशकही 'न्यू एडिशन' हे शब्द जाहिरातीसाठी सैलपणे वापरत आले आहेत. आपल्याकडे त्यात 'संशोधित आवृत्ती' या संज्ञेची भर पडली. मराठीत संशोधन म्हणजे शुद्ध करणे आणि नवे शोधून काढणे हे दोन्ही. त्यामुळे लेखकाने स्वतः सुधारलेले पाठ्यपुस्तक आणि अनेक पोथ्या ताडून सिद्ध केलेला प्राचीन काव्यग्रंथ या दोहोंवर एकच शिक्का बसतो.

मग मराठी प्रकाशकांनी 'आवृत्ती' हा शब्द सरसकट चुकीचा वापरला काय? माझे उत्तर नाही असे आहे, आणि या लेखाचा आग्रह प्रामुख्याने याच मुद्द्यावर आहे. खिळे जुळवून छपाई होत होती त्या काळात देवनागरीच्या केसमध्ये जोडाक्षरे, मात्रा, वेलांट्या धरून शेकडो प्रकारचे खिळे लागत. छापखान्याकडे ते बेताचेच असत. एक फर्मा छापून झाला की खिळे सोडवून पुन्हा केसमध्ये टाकावे लागत, नाहीतर पुढचा फर्मा जुळविता येत नसे. संपूर्ण पुस्तकाची जुळणी वर्षानुवर्षे बांधून ठेवणे फार थोड्यांना परवडणारे होते. सबब पुस्तक दुसऱ्यांदा छापावयाचे म्हणजे बहुतेक वेळा ते पहिल्यापासून पुन्हा जुळवावयाचे. शिळाछापाच्या पुस्तकांत तर दगड घासून पुढच्या कामाला घेतला जाई आणि मजकूर लेखनिकाकडून पुन्हा लिहवून घ्यावा लागे. म्हणजे त्या काळातील 'दुसरी आवृत्ती' ही, लेखकाने एक अक्षरही बदललेले नसले तरी, बॉवर्स यांच्या व्याख्येनेही बहुधा एडिशनच होती. नवी जुळणी, नवा कंपोझिटर, नवा मुद्रितशोधक, आणि म्हणून नव्या चुका व नवे पाठ.

ऑफसेट छपाई रूढ झाल्यावर हे चित्र पालटले. जुन्या पानांचे छायाचित्र घेऊन हव्या तितक्या वेळा छापता येऊ लागले. आता प्रकाशक ज्याला 'पाचवी आवृत्ती' म्हणतो ते पुष्कळदा पाचवे इम्प्रेशन असते. मजकूर अक्षरशः तोच, जुन्या मुद्रणदोषांसकट. शब्द बदलला नाही. ज्या वस्तूचा तो निर्देश करतो ती बदलली. म्हणून १९२० मधील 'दुसरी आवृत्ती' आणि १९९५ मधील 'दुसरी आवृत्ती' या दोन नोंदी एकाच अर्थाने वाचता येत नाहीत. आज मागणीनुसार दहा-वीस प्रती काढण्याची सोय झाल्यावर इम्प्रेशन या कल्पनेचीही कड विरत चालली आहे. एक बाह्य खूण मात्र उपयोगी पडते. आयएसबीएनच्या नियमानुसार बदल न करता केलेल्या पुनर्मुद्रणाला नवा क्रमांक द्यावयाचा नसतो. मजकुरात लक्षणीय बदल असलेल्या आवृत्तीला तो द्यावा लागतो. अर्थात ही खूण अलीकडच्या पुस्तकांपुरतीच, आणि नियम पाळला असेल तरच.

नव्या जुळणीत काय काय बदलते याचा मराठीतील सर्वांत मोठा दाखला शुद्धलेखनाचा आहे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले, १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली. अनुच्चारित अनुस्वार गेले. 'नाहीं', 'घरांत', 'करतां' ही रूपे 'नाही', 'घरात', 'करता' झाली. जुने साहित्य छापताना काय करावे याचाही नियम त्यांत आहे : विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य आणि केशवसुतांपूर्वीचे पद्य मुळाप्रमाणे छापावे, त्यानंतरचे नव्या नियमांप्रमाणे. म्हणजे हरिभाऊ आपटे यांच्या कादंबऱ्या नव्या लेखनपद्धतीने छापणे नियमाला धरूनच आहे. १८९० मध्ये सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः आलेली 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी पुढे 'पण लक्षात कोण घेतो' झाली. शीर्षकातील अनुस्वारसुद्धा उरला नाही. वाचकाच्या दृष्टीने यात काही बिघडले नाही. परंतु हरिभाऊंच्या गद्याची लय, त्यांची विरामचिन्हे, स्त्रियांच्या बोलण्यातील उच्चार यांवर प्रबंध लिहिणाऱ्याने हाताशी आलेली कोणतीही आवृत्ती घेतली तर तो हरिभाऊंविषयी लिहीत आहे की १९६२ नंतरच्या मुद्रितशोधकाविषयी, हे ठरविणे कठीण होईल. माझ्या प्रबंधात नेमके हेच घडले होते.

कोशांच्या बाबतीत हाच प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १८५७ मध्ये त्याची सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ती आली. ही कोणत्याही अर्थाने एडिशनच होय. आज बहुतेकांच्या कपाटात असते ते १९७५ चे पुण्यातील पुनर्मुद्रण, आणि ते १८५७ च्या आवृत्तीचे आहे. एखाद्या शब्दाचा अर्थ केव्हापासून नोंदला गेला याचा शोध घेणारा अभ्यासक जेव्हा 'मोल्सवर्थ, १९७५' असा दाखला देतो, तेव्हा शंभराहून अधिक वर्षांचे अंतर एका आकड्यात बुजून जाते. आणि तो अर्थ १८३१ मध्येही होता काय, हा प्रश्न तर विचारलाच जात नाही.

सर्वांत गुंतागुंतीचे उदाहरण ख्रिस्तपुराणाचे. फादर स्टीफन्स यांचे हे काव्य १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन वेळा रोमन लिपीत छापले गेले. स्टीफन्स १६१९ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या हयातीतील छपाई पहिलीच. या तिन्ही छपायांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ मध्ये मंगळूर येथे सालढाणा यांनी उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे तो ग्रंथ पुन्हा रोमन लिपीत सिद्ध केला. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांचे देवनागरी रूप आले. दरम्यान लंडनमधील मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखित अभ्यासकांपुढे आलेले होते. आता १९०७ च्या ग्रंथाला चौथी आवृत्ती म्हणावयाचे काय? छपाई मोजली तर होय. परंतु त्याचा आधार आधीची छापील पुस्तके नाहीत, ती पाहून केलेली हस्तलिखिते आहेत. आणि संपादन या अर्थाने पाहिले तर ती पहिली एडिशन ठरते. १९५६ चे काय? लिप्यंतर ही आवृत्ती आहे की रूपांतर? रोमनमधील उच्चारखुणा देवनागरीत आणताना प्रत्येक शब्दाविषयी काही निर्णय घ्यावा लागतो, म्हणून मी त्यास स्वतंत्र पाठ मानतो. याविषयी दुमत होऊ शकेल, आणि ते होणे चांगलेच.

मुद्रणपूर्व काळात तर 'एडिशन' हा शब्द लावताना फारच जपावयास हवे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले, याला 'एकनाथांची आवृत्ती' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. इंग्रजीत यासाठी रिसेन्शन ही वेगळी संज्ञा आहे : उपलब्ध पाठांची तपासणी करून सिद्ध केलेली परंपरा. राजवाडे यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेली ज्ञानेश्वरी आपण एकनाथपूर्व पाठाची असल्याचा त्यांचा दावा होता. हा वाद समजून घ्यावयाचा तर एकनाथांचे संस्करण आणि राजवाड्यांची आवृत्ती असे शब्दभेद करणे सोयीचे. हिंदीत 'संस्करण' म्हणजे सरसकट एडिशन. मराठीत तो शब्द अजून तितकासा झिजलेला नाही, तेवढा लाभ आपण घ्यावा.

एका बाबतीत मराठी शब्द इंग्रजीहून सरस आहे. 'कॉपी'च्या मुळाशी विपुलता या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, आणि छापील कॉपी म्हणजे अनेकांतील एक, इतरांसारखीच, अशी समजूत असते. पोथीपरंपरेतील 'प्रत' मात्र एकमेव असते. तिचा लेखनिक, तिचे पाठ, तिचे समासातील शेरे हे सर्व तिचेच. हिन्मन यांनी शेक्सपिअरच्या १६२३ मधील पहिल्या फोलिओच्या पन्नासाहून अधिक प्रती पानोपान ताडून १९६३ मध्ये दाखवून दिले, की छपाई चालू असता दुरुस्त्या होत गेल्यामुळे छापील प्रतीही परस्परांहून भिन्न असतात. पोथ्या हाताळणाऱ्या आपल्या संशोधकांना हे सांगावे लागले नसते. छापील पुस्तकाला हात लावताना मात्र ती सवय आपण विसरतो.

प्रीफेस, फोअरवर्ड आणि इंट्रोडक्शन यांविषयी थोडक्यात. पहिले लेखकाचे स्वतःचे, दुसरे बहुधा दुसऱ्याचे, तिसरे विषयाचा भाग. आपल्याकडे तिन्हींना 'प्रस्तावना' चालते, जिचा मूळ अर्थ संस्कृत नाटकातील सूत्रधाराचा प्रवेश असा आहे. मनोगत, निवेदन, भूमिका, दोन शब्द हे पर्याय आहेत (दोन शब्द कधीच दोन नसतात), त्यामुळे येथे अडचण फारशी नाही. मात्र कोणत्या आवृत्तीची प्रस्तावना ते लिहावे. नंतरच्या मुद्रणात ती कित्येकदा गाळलेली किंवा तारखेवाचून छापलेली असते.

राहिला प्रश्न व्यवहाराचा. माझी सूचना अशी, की नोंदीत आवृत्ती आणि मुद्रण हे दोन वेगळे रकाने ठेवावेत, आणि प्रकाशकाने छापलेल्या शब्दावर न विसंबता ते स्वतः तपासून भरावेत. तपासणी अवघड नाही. दोन प्रती शेजारी ठेवून चार-पाच ठिकाणच्या पृष्ठांवर ओळी कोणत्या शब्दावर तुटतात ते पाहावे. ओळी तशाच तुटत असतील आणि एखादे मोडके अक्षर दोन्हीकडे त्याच जागी असेल, तर जुळणी एकच आहे. ओळी वेगळ्या तुटत असतील तर जुळणी नवी, मग मुखपृष्ठामागे 'पुनर्मुद्रण' असे का छापलेले असेना. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीस मी हे काम दिले. ग्रंथालयात तिला हव्या असलेल्या कादंबरीच्या चार प्रती मिळाल्या. तिघींची बांधणी ग्रंथालयाने नव्याने केलेली होती, आणि पुठ्ठा घालताना मूळ मुखपृष्ठ व त्यामागील प्रकाशनविषयक पान बाइंडरने काढून टाकले होते. दाखलनोंदवहीत तिन्हींपुढे एकच शब्द होता : 'आवृत्ती'. आकडा नव्हता. तिने ओळी मोजावयास सुरुवात केली आहे.